फेरफटक्याचे धरण, पायथ्याची माणसे

चंदीगडला गेलो की सकाळी सुखना तलावावर फिरायला जाणे हा माझा जुना परिपाठ. पाण्यात होड्या, पलीकडे शिवालिकच्या टेकड्या. आपण चालतो ती वाट म्हणजे एका धरणाचा माथा आहे, याचे भान मलाही फार उशिरा आले. ल कार्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्या कल्पनेतून १९५८ मध्ये सुखना चो या पावसाळी ओढ्यावर हे मातीचे धरण उभे राहिले. ते सिंचनासाठी नव्हते, तर नव्या शहराच्या विरंगुळ्यासाठी होते.

हेतू बदलला म्हणून मातीचा धर्म बदलत नाही. काँक्रीटच्या भिंतीवरून काही काळ पाणी वाहिले तरी ती बहुधा तग धरते. मातीचा भराव मात्र पाण्याबरोबर झिजत जातो. म्हणून पूर आला की दरवाजे उघडावेच लागतात. ऑगस्ट २०२० मध्ये पाण्याने ११६३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, दरवाजे उघडले गेले आणि पंजाबातील झिरकपूरच्या बलटाणा वस्तीत पाणी शिरले. तलाव केंद्रशासित चंदीगडचा, पूर पंजाबच्या दारी. विरंगुळा एकाचा, जोखीम दुसऱ्याची.

देशात अशी लहान धरणे असंख्य आहेत. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा, पूरविसर्ग अशा एखाद्या निकषात बसली तरच त्याच्या कक्षेत येतात. त्याहून बुटक्या बांधाखाली गाव वसले असले, तरी हा कायदा तिथे पोहोचत नाही.

उंचीवरून धोका मोजण्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. जॉर्जियातील टोकोआ फॉल्स येथील केली बार्न्स हे सुमारे १२ मीटर उंचीचे मातीचे धरण वीजनिर्मिती थांबल्यावर केवळ करमणुकीचा तलाव म्हणून उरले होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये ते फुटले आणि ३९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच अध्यक्ष कार्टर यांनी बिगरसरकारी धरणांच्या तपासणीला गती दिली.

आपण अशा दुर्घटनेची वाट का पाहावी? धरणाचे वर्गीकरण पायथ्याशी किती माणसे राहतात यावरून व्हावे. पावसाळ्यापूर्वी भरावातील बिळे, झाडांची मुळे, पाझर आणि सांडवा तपासून अहवाल खालच्या वस्तीलाही द्यावा, मग ती वस्ती दुसऱ्या राज्यात का असेना. माथ्यावर फिरणाऱ्या आम्हा मंडळींना निवांतपणा हवा, हे खरे. पण पायथ्याशी झोपलेल्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.