स्टुडिओचा हेडफोन घेताना : आधी गादी पाहा, मग आवाज

आम्ही कापडाचे व्यापारी. तीस वर्षे मालेगावात ग्रे कापडाचा आणि रंगीत साडीचा धंदा केला. तेव्हा हेडफोनवर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे वाचक विचारतील. अधिकार इतकाच की या वस्तूत आमचे पैसे बुडाले आहेत आणि नंतर ती कशी पारखावी हे शिकण्यात आमचा बराच वेळ गेला आहे. शिवाय या वस्तूचा अर्धा भाग कापड, फोम आणि रेक्झिन आहे, व तेवढे आम्हाला समजते.

आमच्या भाच्याने घराच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंगचे काम सुरू केले. दुकानांच्या जाहिराती, लग्नाच्या व्हिडिओतील आवाज, शाळांच्या कार्यक्रमांची निवेदने. यंत्रमाग चालवणाऱ्यांनीच सिनेमे काढले असे हे गाव. ‘मालेगाव के शोले’ हा येथला चित्रपट २००० सालचा. त्यामुळे कामाची वाण नाही. अडचण एकच, खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे लूम आहेत आणि ते दिवसरात्र चालतात. भांडवल आम्ही दिले. मुंबईच्या बाजारातून साडेचार हजारांचा हेडफोन घेतला. दुकानदाराने ‘स्टुडिओ’ शब्द छापलेला डबा दाखवला, एक गाणे लावले, ढोल असा वाजला की आम्ही दोघेही खूश झालो. घासाघीसही केली नाही.

पंधरा दिवसांनी एका साडीच्या दुकानाची जाहिरात परत आली. खोलीत ऐकताना निवेदकाचा आवाज भारदस्त वाटत होता. दुकानाच्या स्पीकरवर तोच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पातळ. काम पुन्हा करून दिले, पण ते गिऱ्हाईक गेले ते गेलेच. कारण नंतर समजले. त्या हेडफोनमध्ये खर्ज मुळातच फुगवलेला होता. भाच्याला खर्ज जास्त ऐकू येई, म्हणून तो प्रत्येक कामात खर्ज कमी करी. हेडफोनने जे खोटे सांगितले ते त्याने इमानदारीने दुरुस्त केले आणि माल बिघडला. ज्या गजाची लांबी चुकीची, त्याने मोजलेले सगळेच कापड चुकते.

आता मूळ मुद्दा. हेडफोन दोन जातींचे. ओपन-बॅकमध्ये कानावरच्या डबीची बाहेरची बाजू जाळीची असते. आवाज मोकळा वाटतो, पण बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतला बाहेर जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये ती बाजू बंद असते. ज्या खोलीत माइक सुरू आहे तेथे दुसरी जातच हवी, नाहीतर निवेदकाच्या कानातील संगीत माइकमध्ये उतरते व मग काही केल्या काढता येत नाही. आमच्यासारख्या गावात बाहेरचा खडखडाट अडवण्यासाठीही तीच हवी. मात्र अपेक्षा माफक ठेवावी. बंद डबी माणसांचे बोलणे, शटलचा खटका, हॉर्न हे वरचे आवाज चांगले अडवते. जनरेटरची घुमघुम आणि जमिनीतून येणारी धडधड पुष्कळशी येतेच. बॅटरीवर चालणारे ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोन प्रवासात उत्तम, पण त्यातील यंत्रणा आवाजावर स्वतःची प्रक्रिया करते, म्हणून पारख करण्याच्या कामाला आम्ही ते धरत नाही.

गादीकडे येतो, कारण दुकानदार सर्वांत कमी याच भागाविषयी बोलतात.

कानाभोवतीची गादी दोन प्रकारची मिळते, मखमलीची किंवा रेक्झिनची. जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा १९८० च्या दशकापासून चालत आलेला हेडफोन. त्याची करडी मखमली गादी प्रसिद्ध आहे. मखमलीला हवा लागते, घाम कमी येतो, तीन-तीन तास घालून बसता येते. पण जिथे पाइल आहे तिथे धूळ आहे. यंत्रमागाच्या गावात हवेत रुईची फूस असतेच. सहा महिन्यांत गादीवर थर बसतो. चिकटपट्टीने काढावा, गादी काढता येत असेल तर हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवावी. मखमलीतून थोडा आवाज झिरपतोही. कंपनीने ते गृहीत धरून डबी बनवलेली असते.

रेक्झिनची गादी आवाज जास्त अडवते, पण मे महिन्यात तासाभरात कान भिजतात. आणि तिचे आयुष्य ठरलेले. विणलेल्या पातळ कापडावर पॉलियुरेथेनचा लेप असतो. घाम, उष्णता आणि हवेतील ओल यांनी तो लेप सुटतो व काळे खवले कानावर, दाढीवर, कॉलरवर पडू लागतात. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत वापरला जाणारा हेडफोन. आवाजाला नाव ठेवता येत नाही, पण त्याच्या गादीचे खवले पडणे हे त्याच्या नावाइतकेच प्रसिद्ध आहे. कोकणात आणि मुंबईत हे लवकर होते. ‘प्रोटीन लेदर’ या नावाने कोणी भुलू नये. तेही बहुधा पॉलियुरेथेनच, वर प्रथिनाच्या भुकटीचे नाव. बोटाने ताणून पाहावे, दुमडून पाहावे. दुमडल्यावर पांढरी रेघ उमटली तर लेप कच्चा आहे, हे बॅगवाल्या कारागिरांना सांगायला नको.

आतला फोम दाबून सोडावा. सावकाश वर येणारा फोम कानाभोवती नीट बसतो. झटक्यात उसळणारा कडक असतो. मग गादीच्या आत बोट घालून खोली पाहावी. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकत असेल तर वीस मिनिटांनी दुखू लागते, आणि ते दुखणे सवयीने जात नाही.

गादी फक्त आरामासाठी असते हा आमचा समज चुकीचा निघाला. खर्ज ऐकू येणे हे गादी कानाभोवती किती घट्ट बसली यावर अवलंबून आहे. थोडी फट राहिली की पहिला खर्ज जातो. चष्म्याची काडी, दाट केस, कानावरून घेतलेली ओढणी किंवा मफलर, यांनी ही फट पडते. टोपी कानाच्या वर राहत असेल तर अडचण नाही. परीक्षा सोपी आहे. ढोल असलेले गाणे लावावे आणि दोन्ही तळव्यांनी डब्या हलकेच दाबाव्यात. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर बसत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर बसेल. चष्मेवाल्याने चष्मा घालूनच ही परीक्षा करावी.

वजनाच्या आकड्यावर फार जाऊ नये. सोनी ७५०६ सुमारे २३० ग्रॅम, डीटी ७७० प्रो सुमारे २७०, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स सुमारे २८५. पन्नास ग्रॅमचा फरक हाताला कळतो, डोक्याला पट्टीचा दाब जास्त कळतो. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज उत्तम अडवतो. कंपनी ३२ डेसिबलपर्यंतचा दावा करते. पण तो शिकंजासारखा धरतो. मोठ्या डोक्याच्या माणसाला तासाभरात जबड्याजवळ जाणवते. शेरवानीचे माप उभ्याने घेतात, पण ती घालून बसल्याशिवाय शिलाई कळत नाही. तसेच येथे. दुकानात दोन मिनिटे लावून घेतलेला निर्णय निर्णय नव्हे. निदान अर्धा-पाऊण तास डोक्यावर ठेवावा, मान हलवावी, खाली वाकावे, चहा प्यावा. दुकानदार तोंड वाकडे करील. करू द्यावे, पैसे आपले आहेत. पट्टी धातूची असेल तर हेडफोन रात्रभर त्याच्याच खोक्यावर ताणून ठेवल्याने दाब थोडा उतरतो. प्लास्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग करू नये, तडा जातो.

आवाजाची परीक्षा करताना पहिली गोष्ट म्हणजे दोन हेडफोन एकाच पातळीवर वाजले पाहिजेत. जो किंचित मोठा वाजतो तो माणसाला नेहमी चांगला वाटतो. साडीच्या दुकानात पिवळे दिवे का लावतात हे आम्ही जाणतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक कापड दारात उजेडात नेऊन पाहते. हेडफोनसाठी उजेड म्हणजे आवाज कमी करणे. हळू आवाजात जो स्पष्ट वाटेल तोच खरा.

ऐकण्यासाठी दुकानदाराचे गाणे नको. त्याने ते निवडून ठेवलेले असते. आपल्या माहितीच्या माणसाचे साधे बोलणे मोबाइलमध्ये न्यावे. घरच्या माणसाचा आवाज कसा आहे हे कान कधी विसरत नाहीत. तो नाकातून आल्यासारखा, घागरीतून आल्यासारखा वाटला की पुढे पाहू नये. मग ‘स’ आणि ‘श’ ऐकावेत; सुईसारखे टोचले तर वरचा स्वर चढा आहे. त्यानंतर आवाज बरोबर मध्यभागी येतो का ते पाहावे. एका कानाकडे झुकला तर हेडफोन उलटा घालावा. झुकावही उलटला तर माल सदोष, नाही उलटला तर दोष आपल्या कानात आहे.

वर सांगितलेल्या चारपैकी एकही अगदी सपाट नाही. सोनी ७५०६ वरचा स्वर चढा दाखवतो, म्हणून श्वास, ओठांची चटचट, विजेची सरसर लगेच सापडते. चुका धरायला चांगला, निवांत ऐकायला थकवणारा. डीटी ७७० प्रो मध्ये खर्जही भरपूर आणि वरची धारही तीक्ष्ण. एम५०एक्स कानाला आवडतो, कारण खर्ज थोडा वाढीव आहे. एचडी २८० कोरडा. सर्वांची किंमत दहा हजारांच्या आगेमागे असते, भाव बदलतात. झुकाव असणे हा दोष नाही. तो माहीत असला म्हणजे हिशेबात धरता येतो. आमच्या पहिल्या हेडफोनचा झुकाव आम्हाला माहीत नव्हता, तेवढाच फरक.

डब्यावर ‘ओहम’ लिहिलेले असते. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. आम्हाला एकाने सांगितले, जास्त ओहम म्हणजे जास्त भारी माल. हे सुताच्या काउंटसारखे आहे. ८० काउंट २० पेक्षा बारीक, पण त्याची चादर कोणी विणत नाही. २५० ओहमचा हेडफोन मोबाइलला लावला तर आवाज मुळात उठतच नाही. त्याला योग्य ताकदीचे यंत्र लागते. मोबाइल आणि लॅपटॉपवर काम असेल तर ३२, स्टुडिओचे छोटे मशीन असेल तर ८० पर्यंत पुरे. सोनी ७५०६ चे ६३ आहेत, एम५०एक्सचे ३८. तसेच ‘५ ते ३५,००० हर्ट्झ’ अशा आकड्याने दिपून जाऊ नये. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० ते २०,००० ऐकतो आणि वयाप्रमाणे वरची हद्द खाली येते.

येथे आमचे स्वतःचे सांगणे भाग आहे. उमेदवारीची वर्षे आम्ही लूमच्या शेडमध्ये काढली. ‘स’ टोचतो की नाही ही परीक्षा आम्हाला देता येत नाही. भाचा म्हणतो “मामू, टोचतंय”, आम्हाला काही ऐकू येत नाही. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास अशी मर्यादा सुचवली आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २. यंत्रमागाची शेड बहुधा याच्या वरच असते. गेलेला कान परत येत नाही. म्हणून लूमशेजारी बसून काम करणाऱ्या मुलाला सैल, फटीचा हेडफोन देणे म्हणजे त्याला आवाज वाढवायला लावणे आहे. बाहेरचा खडखडाट अडला तर तो कमी आवाजात काम करतो. आराम आणि कानाची सलामती दोन्ही त्याच गादीवर येऊन थांबतात.

घेण्यापूर्वी सुटे भाग विचारावेत. एम५०एक्सची वायर काढता येते. सोनीची आणि डीटी ७७० प्रोची जोडलेली, तुटली तर झाळकाम. गाद्या चौघांच्याही बदलता येतात. नावाजलेल्या मालाच्या नकला बाजारात फिरतात, म्हणून पक्के बिल व वॉरंटी घ्यावी. भाव अर्ध्यावर आला तर हात आखडावा.

बॅगा शिवणाऱ्या कारागिरांसाठी एक गोष्ट. भाच्याची गादी फाटली तेव्हा गल्लीतील कारागिराकडून दोन जोड शिवून घेतले, एक रेक्झिनचा, एक मखमलीचा. शिलाई मूळ मालापेक्षा पक्की. पण मखमलीच्या जोडीने खर्ज उतरला, आणि रेक्झिनच्या जोडीत फोम तीन मिलिमीटर जाड पडल्याने निवेदकाचा आवाज लांबून आल्यासारखा झाला. फोमची जाडी आणि मधले भोक मूळ गादीइतकेच ठेवून तिसरा जोड केला तेव्हा जमले. अशा गाद्यांना मागणी आहे. ज्यांच्याकडे खवले पडलेले हेडफोन आहेत ते सगळे नवा घेत नाहीत. माप घेताना जुनी, दबलेली गादी घेऊ नये, दबलेला फोम खोटे माप देतो.

आम्ही शेवटी सोनी ७५०६ घेतला. पहिला हेडफोन दुकानदाराने परत घेतला नाही. तो आता निवेदकाच्या कानावर असतो. त्याला स्वतःचा आवाज भारदस्त ऐकू येतो, त्यामुळे तो बोलतोही चांगला. शेवटचे काम मात्र भाचा त्यावर ऐकत नाही.