डोंबिवलीची कमाई कुणाच्या वहीत?

ठाणे पुढे की कल्याण-डोंबिवली? लोकलच्या डब्यात हा वाद कधीही पेटतो आणि मुलुंड येईपर्यंत मिटत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी मिटला असता: ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचं बंदर आहे. आजचा निकाल लावायचा तर दोन्ही शहरांचं उत्पन्न हवं आणि ते अधिकृतपणे कुणी काढतच नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचं उत्पन्न काढतं, आणि ही दोन्ही शहरं ठाणे जिल्ह्यातच. तो जिल्हाही एकसारखा राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि तारापूरचे कारखाने त्याच्याबरोबर गेले.

बरं, निदान माणसं तरी मोजू. १९९१ च्या जनगणनेत कल्याण महापालिकेत १० लाख १४ हजार माणसं, ठाण्यात ८ लाख ३ हजार. २०११ मध्ये ठाणे १८ लाख ४१ हजारांवर आणि कल्याण-डोंबिवली जेमतेम १२ लाख ४७ हजारांवर. वीस वर्षांत डाव पुरता उलटला! पण १९९१ च्या आकड्यात अंबरनाथ आणि बदलापूरही होतं. ती १९९२ मध्ये बाहेर पडली. २००२ मध्ये २७ गावं वगळली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली, २०२० मध्ये त्यातली १८ वगळायची अधिसूचना निघाली आणि ती उच्च न्यायालयाने रद्द केली. एकही बिऱ्हाड न हलता शहर लहान-मोठं होत राहिलं. हद्द न बघता केलेली अशी तुलना मला तरी करमणुकीपलीकडची वाटत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. हिशेबाचं तत्त्व असं की, उत्पन्न जिथे तयार होतं तिथे मोजायचं. कमावणारा झोपायला कुठे जातो याच्याशी देणंघेणं नाही. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावरून फास्ट लोकलला लटकून फोर्टला जाणाऱ्या बाईंचं काम मुंबईच्या उत्पन्नात पडतं. त्या कामापोटी मिळालेल्या पगारातून संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रात दहा पोळ्या घेतल्या, की डोंबिवलीचं खातं हलतं. पोळ्यांच्या किमतीतून कणीक, तेल, गॅस वजा करायचा. उरेल ती मूल्यवृद्धी. आणि रविवारी त्याच बाईंनी तशाच दहा पोळ्या घरी लाटल्या तर? उत्पन्न शून्य. कणीक तीच, चव कदाचित जास्त चांगली, पण विक्री नाही म्हणून नोंद नाही. म्हणजे बायका नोकरीला लागल्या आणि केंद्रं वाढली, की शहराचं उत्पन्न वाढल्याचं दिसतं. त्यातली थोडी वाढ स्वयंपाकघरातून दुकानात सरकलेल्या कामाची असते. शिवाय पोळी नुसती महागली, तर ती वाढच नव्हे. म्हणून तर दोन काळांची तुलना करताना एखाद्या वर्षाचे भाव धरून ठेवतात आणि त्याच भावांनी सगळं मोजतात.

ठाण्याचं पारडं जड वाटतं ते ‘तयार होतं तिथे मोजायचं’ या तत्त्वामुळे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची सुरुवातीची वसाहत. आज तिथे जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि घोडबंदर रोडवर आयटी कंपन्या. डोंबिवलीचा इंजिनिअर चर्चगेटची नोकरी सोडून तिथे रुजू झाला, की मुंबईच्या वहीतून एक माणूस कमी होतो, ठाण्याच्या वाढतो. डोंबिवलीच्या वहीत फरक शून्य! तिथेही एमआयडीसी आहे, तिचे कारखाने मोजले जातात, पण रोज गाडीत बसून निघून जाणारी कमाई त्यात येत नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली तेव्हा तर कमालच झाली. तोच इंजिनिअर डोंबिवलीच्या बेडरूममध्ये लॅपटॉप उघडून बसला. वीज डोंबिवलीची, चहा डोंबिवलीचा, कोडही तिथेच लिहिलेला. पण घरून काम करणारा नोकरदार हिशेबात त्याच्या कंपनीचाच भाग धरतात, म्हणून उत्पन्न गेलं घोडबंदर रोडच्या पत्त्यावर. डोंबिवलीच्या वाट्याला आला तो जास्तीचा चहा, आणि तोही घरीच केलेला.