आधी कोण, शिव की शक्ती?

भादव्यात गौरी घरात आल्या की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांत रात्री ढोलकी घुमू लागते. गाणारे मधोमध बसतात: बुवा, ढोलकीवाला, झांजवाला आणि मागे झील धरणारे. त्यांच्याभोवती आठ-दहा जणांचं रिंगण फिरतं. ही जाखडी. मुंबईत हिलाच बाल्या नाच म्हणतात. नाचणाऱ्यांच्या पायांकडे नीट बघा. चाळ एकाच पायात बांधलेले असतात. तो पाय पडला की झंकार, दुसरा पडला की मातीचा नुसता धप्प आवाज. या दोहोंच्या अदलाबदलीतून जो ठेका उभा राहतो, तो ढोलकी क्षणभर थांबली तरी चालूच राहतो.

या मंडळींचं पोट सहसा गाण्यावर नसतं. कोणी शेतकरी, कोणी गवंडी, कोणी मुंबईहून रजा काढून आलेला चाकरमानी. आणि मला थक्क करतं ते हे, की ही कला शेतीच्या कामातल्या मोकळ्या जागा हेरूनच वाढली आहे. आषाढ-श्रावणात भाताची लावणी उरकते, कापणीला अजून अवकाश असतो. त्या फटीत गौरी-गणपती आणि जाखडी. पीक घरात आलं, फाल्गुन उजाडला, की शिमगा आणि नमन-खेळे. तेव्हा उंच टोकदार टोपीचा, काळ्या अंगरख्याचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर दारोदार नाचत येतो. हातांना काम नसतं तेवढ्याच दिवसांत गळ्याला काम मिळतं.

जाखडी गणाने सुरू होते, मग गौळण येते. इथवर सगळं देवाचं. खरी रंगत पुढे. समोर दुसरा संघ बसलेला असतो आणि दोघांत जुना, न मिटलेला वाद असतो. एक शक्तीवाले, दुसरे तुरेवाले. शक्तीवाल्यांच्या मते विश्वाच्या मुळाशी माया, प्रकृती, आदिशक्ती. तुरेवाल्यांच्या मते शिव, पुरुष, ब्रह्म. आधी कोण? तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ज्या प्रश्नावर भाष्यांमागून भाष्यं लिहिली गेली, तो प्रश्न इथे सकाळी नांगर धरणारा माणूस चालीत बांधून समोरच्याच्या अंगावर टाकतो. पुराणातला एखादा आडवळणाचा प्रसंग काढायचा, त्याचं कोडं करायचं आणि आव्हान द्यायचं. समोरच्या बुवाने त्याच रात्री, गाण्यातच, ग्रंथाच्या आधाराने उत्तर द्यायचं. नाही सुचलं, तर पब्लिक सोडत नाही. शेवटच्या कडव्यात कवी आपल्या गुरूचं नि घराण्याचं नाव गुंफतो. त्यामुळे एक माणूस हरला तरी मान खाली जाते ती अख्ख्या घराण्याची.

आता हा वाद कुठून आला ते ऐका. परंपरा सांगते, की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर हे दोघे अशाच सवाल-जवाबात रंगले होते. चंदेरीच्या राजाने खूश होऊन एकाला पागोट्यावरचा तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. कथा असेल, पण तिच्या पाऊलखुणा थेट जमिनीवर दिसतात. राजस्थानात तुर्रा-कलंगीचे ख्याल होतात. उत्तर कर्नाटकात हरदेशी आणि नागेशी असे लावणीचे फड भिडतात. पेशवाईतल्या शाहिरांतही कलगीवाले आणि तुरेवाले होतेच. कोकणात कलगीची शक्ती झाली आणि वाद सह्याद्रीच्या पायथ्याशी रुजला. हिंदू गोसावी आणि मुसलमान फकीर यांच्या नावाने सुरू झालेली जुगलबंदी गुहागर-संगमेश्वरच्या खळ्यात गौरीपुढे चालते, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण जाखडीचं दुसरं घर गिरणगाव. १९११च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांतले जवळपास निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो १९८१ साली झाला.) आगबोटीने यायचं, लालबाग-परळच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायची. एका खोलीत कितीतरी जण राहायचे. दिवसपाळीवाला निघाला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. बायकापोरं गावाला. अशा खोल्यांतून ढोलक्या लटकल्या, मंडळं निघाली, गाण्यांत गिरणीचा भोंगा आला आणि गावाकडे वाट बघणारी घरधनीणही आली. गण देवाचा, पण पुढचं दुःख माणसांचं.

इथे मला हटकून शिकागो आठवतं. साधारण १९१० ते १९७० या काळात साठेक लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिणेतलं खेडं सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. त्यांत मिसिसिपीतल्या मळ्यावर राबणारा मडी वॉटर्सही होता. १९४३ साली तो शिकागोला आला, दिवसा कागदाच्या कारखान्यात राबला, ट्रक चालवला, आणि रात्री ब्लूज गायला. आज जगभरच्या रॉक संगीताच्या मुळाशी त्याचा गळा आहे. त्याच शहरात टॉमस डॉर्सी होता. आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवणारा. १९३२ साली बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या शोकातून त्याने एक प्रार्थनागीत लिहिलं आणि पुढे गॉस्पेलचा जनक म्हणून तो ओळखला गेला. पण त्याच्या गाण्यांत ब्लूजचा वास येतो म्हणून कित्येक चर्चनी आधी त्याला दाराबाहेरच ठेवलं. तिथे देवाचं गाणं आणि दुनियेचं गाणं यांच्यात भिंत होती. आमच्या बुवाला ती भिंत कधी ओलांडावी लागली नाही. गण त्याचाच, टोमणाही त्याचाच.

आणि खुद्द ख्रिस्ती भक्तिगीताशीही रत्नागिरीचं नातं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली याच जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले, १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी येशूची भक्ती अभंगात, कीर्तनात, मराठी माणसाच्या कानाला ओळखीच्या वळणात आणली. मराठी चर्चमध्ये त्यांची गीतं आजही गातात.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले असंख्य पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. कितीतरी जण गावी परतले. गिरणगाव गेलं, जाखडी राहिली, कारण ती कधीच गिरणीच्या पगारावर उभी नव्हती. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि चाकरमान्याची वाट सोपी झाली. मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून शक्ती-तुऱ्याचे ‘जंगी सामने’ होतात. परळचं दामोदर नाट्यगृह तर अशा कोकणी खेळांचं हक्काचं ठिकाण होतं. २०२३ साली ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा कोकणातले लोककलावंत कळवळले ते उगीच नाही. ढोलकीशेजारी आता बँजो आणि ऑक्टोपॅड आलेत. सिनेमाच्या चाली येतात, कुरकुर करणारेही असतात. मला त्यात वावगं दिसत नाही. जी चाल लोकांच्या तोंडी आहे तिच्यावर सवाल बांधला, तर तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

कधी भादव्यात रत्नागिरीकडे असलात आणि रात्री ढोलकी ऐकू आली, तर गौळण संपल्यावर उठू नका. सवाल पडू द्या. मग गाणाऱ्याकडे नको, समोरच्या संघाच्या बुवाकडे बघा. त्याचे ओठ हलत असतील, बोटं मांडीवर ठेका धरत असतील. झीलवाले ध्रुपद दुसऱ्यांदा घेत असतात तेवढ्या वेळात त्याला पुराण आठवायचं असतं, यमक जुळवायचं असतं आणि चाल पकडायची असते. त्याला मिळणारा वेळ एवढाच.