गाळ्यांसाठी बांधलेली इमारत

मुंबईतल्या व्हिक्टोरियन इमारतींचं कौतुक करताना आपण मान वर करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. राजाबाई टॉवर किंवा हायकोर्टाच्या बाबतीत ते खपून जातं. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या बाबतीत मात्र नजर खाली, फरशीपर्यंत आणावी लागते. घड्याळाचा मनोरा, कुर्ल्याचा पिवळसर दगड, त्यात वसईच्या तांबड्या दगडाचे पट्टे हे सगळं देखणं आहेच. पण विल्यम इमर्सनची ही 1869 साली पूर्ण झालेली वास्तू मुळात नासणाऱ्या मालाचा विचार करून बांधलेली आहे. लोखंडी छपराची उंची गरम हवा डोक्यावरून निघून जावी म्हणून. उजेड वरून येतो, कारण बाजूने येणारं ऊन भाजीला सोसत नाही. जमिनीसाठी थेट स्कॉटलंडमधल्या केथनेसच्या फरश्या आणल्या, त्या थंड राहतात आणि पाण्याचा मारा झेलतात म्हणून. प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंगने कोरलेले शेतकरी आहेत. हायकोर्टावर ते शोभले नसते. म्हणूनच माझं म्हणणं असं, की या इमारतीचा वारसा तिच्या व्यापारापासून वेगळा काढता येत नाही. गाळे उठवून दगड राखले, तर उरेल तो नुसता सांगाडा.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचाच आहे. गोऱ्या साहेबाने रयतेच्या पैशावर केलेल्या थाटाला वारसा का म्हणायचं? आक्षेपात तथ्य आहे. गव्हर्नर बार्टल फ्रियरने 1862 पासून कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. आणि त्याच वर्षी म्युनिसिपल कमिशनर झालेल्या आर्थर क्रॉफर्डने खर्चाचा हात मात्र आखडला नाही. करदाते इतके बिथरले, की 1871 मध्ये त्याला जावं लागलं आणि 1872 च्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांना कारभारात जागा मिळाली. (हाच क्रॉफर्ड पुढे 1888 च्या लाचलुचपतीच्या प्रकरणात गाजला, आणि मामलेदारांची बाजू घेऊन टिळक उभे राहिले.) म्हणजे मुंबईच्या नागरी स्वराज्याला ज्या उधळपट्टीने धार लावली, तिच्यात हे मार्केटही येतं. ज्याच्याविरुद्ध करदाते उठले त्याचंच नाव पुढे शतकभर मंडईला राहिलं, ही गोष्ट पाटीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. तिच्यामुळे इमारत पाडण्याजोगी ठरत नाही.

जोतीरावांचं नाव इथे यावं, यात आणखी एक पेच आहे. पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना त्यांनी मंडईची मोठी इमारत बांधायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं मत होतं. आज पुण्याची ती मंडई आणि मुंबईची ही, दोन्ही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांचा प्रश्न अजून शिळा झालेला नाही: या दगडांवर खर्च करून भाजी विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला काय मिळतं? इमारतीत बाजार चालू असेल तर उत्तर देता येतं. तिथे प्रदर्शनाचं दालन आणि महागडं कॉफीघर आलं, तर जोतीरावांपुढे आपल्याला गप्प बसावं लागेल.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. व्यापार तर केव्हाच गेला, राखायचं काय? फळांचा आणि भाजीचा घाऊक बाजार 1996 साली वाशीला हलला, आणि तो हलायलाच हवा होता. लोहार चाळ आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या तोंडाशी रोज ट्रक उभे करणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं. पण घाऊक बाजार गेला म्हणून बाजार संपला असं नाही. मोसमात हापूसची पेटी उघडली जाते, पेंढा बाजूला सारून फळ नाकाशी धरलं जातं आणि मग भावाची घासाघीस सुरू होते. खरेदी झाली की पाटीवाला तीच पेटी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत पोचवतो. सुका मेवा, परदेशी चॉकलेटं, केकचं सामान, पाळीव प्राण्यांचं खाद्य हे नंतर आलेलं. शुद्धतावाद्यांना ते खटकतं. मला नाही खटकत. मंडईत कोणता माल असावा हे शहराची भूक ठरवते. ही वास्तू बदल पचवतच जगली आहे. 1882 मध्ये इथे विजेचे दिवे लागले तेव्हा मुंबईला ती नवलाई होती, आणि वर्षभरात ते पुरवणारी कंपनी बुडून पुन्हा गॅसवर यावं लागलं.

राहिली घाण आणि गर्दी. ती खरी आहे, पण तिचं मूळ गाळ्यांत शोधणं चूक. माल उतरवायला नीट जागा नसणं, सांडपाणी तुंबणं, वाटांवर अतिक्रमण होणं ही व्यवस्थापनाची कामं आहेत, आणि त्यांचा वारशाच्या यादीशी संबंध जोडण्याचं कारण नाही. 2018 साली ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला; त्या परिसरात कोर्ट आहे, विद्यापीठ आहे, सिनेमाघर आहे, ही मंडई नाही. त्यामुळे तिचं भवितव्य महापालिकेच्या हाती राहतं. डागडुजी करताना छपराच्या पत्र्याइतकाच विचार भाड्याचा व्हायला हवा. फळवाल्याला परवडणार नाही असं भाडं लावलं, तर कुणी हातोडा न उचलताही मंडई मोडेल, आणि घड्याळ दुरुस्त करून घेतल्याची बातमी त्याच सुमारास छापून येईल.