जांघेतली लाली आणि खाज : मेडिकलमधली ट्यूब लावण्याआधी हे वाचा

चाकण : पावसाळ्यात चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यातल्या कुठल्याही मेडिकलवर थोडा वेळ उभं राहिलं की हळू आवाजातलं एक वाक्य कानावर येतं, "खाजेची ट्यूब द्या." खाज कुठे आहे, किती दिवसांपासून आहे, हे ना गिऱ्हाईक सांगत ना दुकानदार विचारत. ट्यूब लावली की दोन-तीन दिवसांत लाली उतरते. बंद केली की थोड्या दिवसांनी परत येते, आणि या वेळी जास्त जागेवर पसरते.

यामागचं कारण साधं आहे. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड अशी तिन्ही एकत्र असतात. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, त्यामुळे बरं वाटतं. पण ते कातडीची लढण्याची ताकदही दाबतं, म्हणून आत बुरशीला मोकळं रान मिळतं. जांघेतली कातडी पातळ, घडीची आणि दमट, तिथे हे औषध जास्त शोषलं जातं. महिनोन् महिने लावलं तर कातडी आणखी पातळ होते आणि पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तसे पट्टे उमटतात. ते कायमचे. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव दिसलं तर समजावं, स्टेरॉइड आहे. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा आहे, काउंटरवर मात्र चिठ्ठी कोण मागतं!

नायटाही आता पूर्वीसारखा साधा राहिलेला नाही. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी एका बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव दिलं. नावातच भारत आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. त्यामुळे शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊन भागत नाही. एका खोलीत पाच-सहा जण, एकच दोरी, अर्धवट वाळलेले कपडे, एकमेकांचा टॉवेल, यातून नायटा खोलीभर फिरतो. कमरेचा ओला करदोडाही बुरशीचं घर असतो, तेव्हा उपचार चालू असेपर्यंत तो काढून ठेवलेला बरा.

पण प्रत्येक लाली म्हणजे नायटा नव्हे. पुरुषांत शिश्नाच्या टोकाला लाली, पुढच्या कातडीला बारीक चिरा, पांढरा थर आणि कातडी मागे घेताना आग, असं वारंवार होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासावी. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे इथूनच कळतं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट बघा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे तिथे बुरशी वाढू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. दुखण्याची किंवा जंतूंची एखादी गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी गोल काळपट-लाल डाग उठत असेल, तर ती त्या गोळीची ॲलर्जी असू शकते.

बायकांना लालीसोबत दह्यासारखं पांढरं जात असेल आणि खाज असेल तर बहुधा बुरशी असते. पाण्याला वास, रंग किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर कारण वेगळं, औषधही वेगळं. आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नये, आग त्यानेच वाढते. गरोदरपणात स्वतःच्या मनाने काहीच लावू नये. लहान मुलीला रात्री खाज सुटत असेल तर जंतही असू शकतात.

कारखान्यातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सीएनसी, टर्निंगवर काम करणारे तेलाची चिंधी पँटच्या खिशात ठेवतात. तेल आणि कूलंट कापडातून मांडीला, जांघेला लागत राहतं, पुरळ आणि लाली येते. इंग्लंडमध्ये सूतगिरणीच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना तेलाने भिजलेल्या कपड्यांमुळे अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होत असे. आजची तेलं जास्त शुद्ध केलेली असतात, तरी चिंधी खिशात नको आणि तेलकट पँट दुसऱ्या दिवशी तशीच घालायला नको.

मग थांबायचं किती? घाम, घासणं किंवा नवीन साबणामुळे आलेली साधी लाली असेल तर साध्या पाण्याने धुणं, जागा कोरडी ठेवणं आणि सैल सुती कपडे एवढ्याने काही दिवसांत उतरते. आठवडा गेला तरी उतरली नाही, किंवा परत परत आली, तर डॉक्टरांना दाखवा. फोड, जखम, लघवीच्या जागेतून पू, जांघेत गाठ असेल तर आठवडाभरही थांबू नका. न दुखणारी जखम जास्त फसवी. ती सिफिलिसची असू शकते, आपोआप बुजते आणि आजार आत राहतो. अशा वेळी जोडीदाराचीही तपासणी लागते, नाहीतर आजार एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो.

आणि काही वेळा रात्रपाळी सोडूनही निघायचं. अंडकोश अचानक खूप दुखून सुजला तर पीळ पडलेला असू शकतो, तिथे सहा तास महत्त्वाचे. मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल, लघवी अडली असेल, किंवा ताप येऊन लाली झपाट्याने पसरत, काळी पडत असेल आणि दिसते त्यापेक्षा दुखणं फार जास्त असेल, तर थेट मोठं रुग्णालय गाठा. साखर असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे, पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम, औंधला जिल्हा रुग्णालय. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर चिंचवडला मोहननगरचं ईएसआयसी रुग्णालय आहे. लैंगिक आजारांसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतात, तिथे तपासणी आणि औषधं मोफत. १०९७ या मोफत नंबरवर फोन करून आपल्या जवळचं केंद्र विचारता येतं. वापरलेली ट्यूब आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. केसपेपरच्या खिडकीवर सगळ्यांसमोर काही सांगायची गरज नाही, "स्किनला दाखवायचंय" एवढं म्हटलं तरी पुरतं.