ब्रेकची बाटली आली वर!

वीकेण्डला मित्र लोणावळ्याला भुट्टा खायला जातात, मी इंदुरीला जातो, जीपखाली झोपायला! चाकण रोडवरच्या गॅरेजमध्ये माझी जुनी महिंद्रा सीजे-थ्रीबी आहे. १९४७ मध्ये महिंद्राने विलीज जीप जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली.

हिचा ब्रेकचा मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला. ऑइल बघायचं तर मॅट उचला, माती झटका, झाकण उघडा. कोण बघतं रोज? आणि चारही चाकांना एकच लाइन. बोरघाटात ऑइल संपलं, तर पेडल थेट तळाला!

म्हणून बोनेटखाली, फायरवॉलवर पारदर्शक बाटली बसवली. सिलेंडरच्या टोपणाच्या जागी नळीची कॅप, मध्ये रबरी नळी. बाटली सिलेंडरपेक्षा उंच हवी, नळी सायलेन्सरपासून लांब आणि सलग उतरती; मध्ये उंचवटा आला की हवा अडकते. पेट्रोलचा पाइप अजिबात नको, ब्रेक ऑइलने तो फुगतो. मग हवा काढणं. मी पेडलवर, मिस्त्रीकाका चाकाशी. ‘दाब... धर... आता सोड रे!’ अख्खी दुपार गेली.

बाटली भरलेली दिसते म्हणून निर्धास्त होऊ नका हं. नवं डॉट-थ्री ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं १४० लाच उकळू शकतं. दोन वर्षांनी बदलाच.