पुन्हा संगणकाकडे वळताना

मैत्रिणींनो, लग्नाआधी आपल्यापैकी कितीजणी संगणकाच्या नोकरीत होत्या! मुलंबाळं झाली, नोकरी सुटली. आता चाळिशीत वाटतं, "आपल्याला कोण विचारतंय?" पण चिकाटी आणि चूक हेरणारी नजर जुनी होत नाही. जुनी होतात ती साधनं, नि ती शिकता येतात.

२०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्'वर घरबसल्या विनामूल्य शिकता येतं. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. त्यातल्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत २५ गुण स्वाध्यायांना, ७५ केंद्रावरच्या परीक्षेला. सुरुवात चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने करा. जोडीला एखादा छोटा प्रोग्राम स्वतः लिहा, म्हणजे मुलाखतीत दाखवायला काही हाती असेल.

आणि हो, रोजचा एक तास घरच्यांकडून हक्काने मागून घ्या. तेवढ्या वेळात कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कुणी मोजल्या, तर काही बिघडत नाही!